घरून एक शब्द

प्रणिताला ‘डोअर’ आलं त्या दुपारपासून घराचं दार तिच्या सासूला उघडेनासं झालं. कडी तीच, बिजागऱ्या त्याच, वरचं तोरणही तेच. हौसाबाई आतून दोन्ही हातांनी ओढत होत्या, "अगं बाई, हे दार का गं उघडंना?" म्हणत होत्या, आणि दार ढिम्म. बाहेर प्रणिता क्लासची पिशवी खांद्याला लावून उन्हात उभी. तिनं घसा खाकरला आणि जरा लाजतच म्हणाली, "डोअर." दार उघडलं.

"आता गं?" हौसाबाई म्हणाल्या.

"त्याचं नाव बदललंय, आत्याबाई."

"कुणी बदललं?"

"मीच," प्रणिता म्हणाली आणि तिनं पिशवी खुंटीला अडकवली. खुंटीचं नाव अजून खुंटीच होतं.

यात डोळे फाडून बघण्यासारखं काही नाही. आमच्या कुर्डुवाडीत कांचन मिसच्या क्लासला जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या घरात असंच होतं. क्लास पिठाच्या गिरणीच्या माडीवर. खाली गिरणी सुरू झाली की वर सतरंजी थरथरते आणि मिसच्या भुवया हळूहळू पांढऱ्या होतात. बायका दुपारी दोनला येतात, मांडी घालतात, चित्रांचं पुस्तक उघडतात. मिसचा नियम एकच. प्रत्येकीनं रोज घरून एक शब्द आणायचा, मिसच्या पुढ्यात ठेवायचा आणि त्याच्या बदल्यात इंग्रजी शब्द न्यायचा. ठेवलेला शब्द परत मिळत नाही.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, बायांनो," मिस म्हणतात. "वस्तू एक, नाव एक. ज्याला नाव येतं, त्याची वस्तू."

जी बाई रिकाम्या हातानं येईल तिचं नाव यादीतून जातं. आणि ती यादी जाते टेकडीवरच्या शाळेत. शाळेला पोराचं काही ऐकायचं नसतं. तीन-साडेतीन वर्षांचं पोर, ते काय बोलणार? शाळा बापाला एक प्रश्न विचारते आणि आईला बाकीचे सगळे, कारण घरचा अभ्यास आईनं घ्यायचा असतो. पोर मात्र कोरं लागतं. फॉर्मवर तसं छापलेलंच असतं: घरी काही शिकवू नये, मम्मी-पप्पासुद्धा नको, उच्चार बिघडतात.

प्रणिताची जुई साडेतीन वर्षांची. जुई पोटात होती तेव्हा प्रणिता सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेली होती. खिडकीतल्या पोरीनं इंग्रजी फॉर्म दिला. प्रणितानं तो भरायला घेतला तर मागून कुणीतरी हसलं. फॉर्म उलटा धरला होता. रांगेतली माणसंही हसली, आणि नवरा नागेश, जो स्पेअर पार्टच्या दुकानात दिवसभर क्लच-गॅसकेट करत असतो, तोसुद्धा त्यांच्याबरोबर थोडं हसला. त्या दिवशी प्रणितानं पोटावर हात ठेवून शपथ घेतली. माझ्या लेकराला कुणी असं हसणार नाही. त्यासाठी काय द्यावं लागेल ते देईन. आता असली शपथ बाईनं जरा जपून घ्यावी, पण तेव्हा कोण सांगणार?

तर रोज एक. दार गेलं, चप्पल गेली, मीठ गेलं, चादर गेली. मीठ दिलं त्या रात्रीच्या जेवणात हौसाबाईंनी डब्यात बोटं घातली आणि मीठ बाजूला सरकलं. डब्यात मधोमध पांढरा तळ दिसायला लागला, मीठ कडेकडेनं चिकटून बसलेलं. भाकरी नेली त्या दिवशी मिस थोडा वेळ पुस्तक चाळत बसल्या. मग म्हणाल्या, "ब्रेडच समजा." तेव्हापासून प्रणिता थापायला बसली की भाकरीला चार कोपरे यायचे. कितीही गोल फिरवा, परातीत चौकोनच.

आधीपासूनच इंग्रजीच्या सासरी गेलेल्या शब्दांची काही तक्रार नव्हती. कप हातात यायचा, बशी यायची नाही. लाईट लागायचा, फॅन फिरायचा, गॅस पेटायचा, पण त्यावर ठेवलेला चहा हौसाबाईंना बघून उकळायचं थांबायचा.

पाणी दिलं ते दहाव्या दिवशी. वैशाखाचं ऊन, आणि माठ हौसाबाईंच्या अंथरुणापाशीच. प्रणिता क्लासवरून आली तेव्हा त्या माठापुढे बसल्या होत्या, पेला कोरडा.

"घालू का?" प्रणिता म्हणाली. तिनं जुईला ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडावर घेतला आणि पुटपुटली, "वॉटर." पाणी पेल्यात आलं. पेला सासूच्या ओठांशी गेला की ते मागे सरायचं, तळाशी जाऊन बसायचं. मग प्रणितानं दर घोटाला ‘वॉटर’ म्हणायचं आणि हौसाबाईंनी घोट घ्यायचा. एका पेल्याला अकरा वेळा म्हणावं लागलं.

"मला शिकीव की," हौसाबाई म्हणाल्या. "व्हाटर. वाट्टर. वॉट्टार."

माठात एक बुडबुडा आला आणि फुटला. बाकी काही नाही.

"जीभ वळत नाही तुमची," प्रणिता म्हणाली.

"सत्तर वर्षं सरळ ठेवली ना तिला, म्हणून," हौसाबाई म्हणाल्या.

प्रणिता क्लासला गेली की घरात राहायच्या आजी आणि नात. दोघींनाही काही मिळायचं नाही, म्हणून दोघींची चांगलीच गट्टी जमली होती. आणि एका दुपारी हौसाबाईंना युक्ती सापडली. खरं तर सापडली म्हणणं बरोबर नाही, ती त्यांच्याजवळच होती, बेचाळीस वर्षं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. नाव घेतलं की माणसाचं आयुष्य कमी होतं, असं त्यांच्या आईनं सांगितलेलं. नाव न घेताच त्यांनी त्या माणसाला जेवायला उठवलं, बाजारातून बोलावलं, भांडणात गप्प केलं आणि शेवटी दवाखान्यात हाक मारली. नावाशिवाय सगळं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आधी त्यांनी माठाला "अगं ए" म्हणून पाहिलं. पाणी हललं नाही. पाण्याला मान लागतो. मग त्या उकिडव्या बसल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, ओंजळ पुढे धरली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? जरा येता का इकडं?"

पाणी माठाच्या कडेवरून वर आलं, वाकलं आणि ओंजळीत उतरलं.

जुईनं टाळ्या पिटल्या. त्या दुपारी दोघींनी नुसता धुमाकूळ घातला. जुई अंगणात उभी राहून "अहो, ऐकलंत का?" म्हणायची आणि चपला दोन्ही पायांनी चालत यायच्या. मीठ परत डब्याच्या मध्यावर आलं. चादर स्वतःच अंथरली गेली. हौसाबाई दाराला म्हणाल्या, "अहो, वारं येऊ द्या की थोडं," आणि दार आदबीनं उघडलं. प्रणिता घरी आली तेव्हा सासू दारात बसून चहा पीत होती, बशीत ओतून, फुर्र आवाज करत. प्रणितालाही हसू आलं. तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? जिवावरचं ओझं उतरल्यासारखं बरं वाटलं.

यादी जायच्या आदल्या दिवसापर्यंत प्रणिताचे सगळे चालणारे शब्द संपले होते. शब्द चालावा लागतो, हे मिसनं आधीच सांगितलं होतं. विळी नेली तर मिस म्हणाल्या, "शाळेत विळी विचारत नाहीत." उंबरा नेला तर म्हणाल्या, "पुस्तकात नाही." खुंटी घेतली, खिडकी घेतली, चंद्र घेतला. चंद्र दिला तेव्हा प्रणिताला थोडं वाईट वाटलं होतं, पण चंद्र काही घरातला नव्हता.

पुस्तकाचं तिसावं पान तेवढं तिनं उघडलं नव्हतं. त्या पानावर एक बाई होती, तिच्या कडेवर पोर. बाकीच्या बायकांनी ते पान केव्हाच उरकलं होतं. शेजारच्या फरजानाच्या घरी तिचा मुलगा तेव्हापासून अंगणात बसून दिवसभर ‘अम्मी, अम्मी’ करायचा आणि फरजाना आत शांतपणे धुणं धूत असायची. फरजानाचं पोर यादीत पहिलं होतं.

"आज काय आणलंत?" मिसनं विचारलं. त्यांच्या पापण्यांवर पीठ होतं.

प्रणितानं पिशवीत हात घातला. तळाशी दोनच शब्द होते. एक गरम होता, नुकताच कुणीतरी हाक मारल्यासारखा. त्याला तिनं बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"उद्या यादी जाईल," मिस म्हणाल्या. "रिकामा हात नको हं, प्रणिताताई. एवढं केलंत."

"अहो," प्रणिता म्हणाली.

"काय?"

"हाच. हाच शब्द. अहो."

मिसनं तो उचलून उजेडात धरला, फिरवून पाहिला. खाली गिरणी थांबली. बायका मान उंचावून बघायला लागल्या. एवढा वापरलेला शब्द क्लासमध्ये कुणी आणलाच नव्हता. त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

"चालेल," मिस म्हणाल्या. "छान चालेल. ‘एक्सक्यूज मी’."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आली तर हौसाबाई माठापुढे उकिडव्या. ओंजळ पुढे. "अहो," त्या म्हणत होत्या. "अहो, ऐकलंत का? अहो." पाणी आपलं माठात. प्रणिताला बघून त्यांनी ओंजळ खाली घेतली.

"दिलास?"

"जुईसाठी दिला, आत्याबाई. दुसरा... दुसरा मला देववेना."

हौसाबाईंनी कोरडी ओंजळ पदराला पुसली. मग म्हणाल्या, "तुझा सासरा गेला तवा मी रडले, बाई. तुला ठावं आहे, पोटभर रडले. आज तू त्यांना परत मारलंस, आणि रडायचं म्हणलं तर डोळ्याला पाणी यायला नको का? तेबी तुझंच."

खरंच येईना. त्या डोळे चोळत बसल्या, डोळे नुसते लाल झाले.

नागेशला हाक मारतानाही प्रणिताला त्या दिवसापासून ‘एक्सक्यूज मी’ म्हणावं लागलं. त्याला ते आवडलं. दुकानात त्यानं दोघातिघांना सांगितलंसुद्धा.

मग आठ दिवस मुलाखतीची तयारी. सकाळी आठ ते दिवेलागण, मिसच्या समोर. जुईला नागेश दुकानात न्यायचा. हौसाबाई घरी. दर घोटाला शब्द म्हणायला घरात कुणी नव्हतं. प्रणिता सकाळी निघताना एक पेला पाजायची, अकरा वेळा म्हणून, आणि आल्यावर एक. मधल्या वेळात हौसाबाई वाळत गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज पापडासारखा कुरकुरीत झाला. पाचव्या दिवशी खिडकीतून वारं आलं तर त्या अंथरुणावरून उडून भिंतीला लागल्या आणि तिथंच राहिल्या. आठव्या दिवशी नागेशनं त्यांना हलक्या हातानं काढलं, चार घड्या घातल्या आणि कपाटात लग्नाच्या शालूखाली ठेवलं. वर दोन डांबराच्या गोळ्या टाकल्या.

"असं काय करता?" प्रणिता म्हणाली.

"ॲडमिशन होऊ दे. मग काढून भिजत घालू, फुगंल परत," नागेश म्हणाला. "आई काय कुठं जाती का?"

कपाटातून आवाज आला, "उद्या पोरीच्या केसाला तेल लावून ने गं." मग तोही आला नाही.

शाळेत प्रिन्सिपल मॅडमची खोली लांब होती. तिघं आत गेली तेव्हा मॅडमचं टेबल इतकं दूर होतं की मॅडम अंगठ्याएवढ्या दिसत होत्या. मधे नुसत्या फरश्या. प्रणिताच्या मांडीवर जुई, तेल लावून दोन घट्ट वेण्या, पायात नवे बूट. नागेश शेजारी, शर्टाचं वरचं बटण लावून.

"व्हॉट इज युवर नेम?" मॅडमनी नागेशला विचारलं. त्यानं सांगितलं. टेबल दोन फरश्या पुढे सरकलं. नागेश घाम पुसायला लागला, त्याचं काम झालं होतं.

मग प्रणिता. भिंतीकडे बोट. "क्लॉक," प्रणिता म्हणाली. टेबल सरकलं. विंडो. सरकलं. मून, शू, सॉल्ट, ब्रेड. एकेक शब्द तिच्या तोंडातून स्वच्छ निघत होता आणि खोली आखडत होती. मॅडमच्या चष्म्याची काडी दिसायला लागली, मग कपाळावरची टिकली, मग समोरचा शिक्का आणि शाईची निळी गादी. कुणी हसत नव्हतं. प्रणिताला वाटलं, झालं, सुटलो. एवढ्यात टेबलाची कड तिच्या गुडघ्यांना लागली.

मॅडमनी बोट प्रणिताच्या छातीवर रोखलं.

"अँड हू आर यू?"

"आय ॲम प्रणिता ढवळे."

"नो," मॅडम म्हणाल्या. त्यांचं बोट जुईकडे गेलं आणि परत आलं. "टू हर. हू आर यू?"

टेबल गुडघ्यात रुतायला लागलं. मागे भिंत पाठीला लागली होती. दाराबाहेर पुढचं जोडपं उभं होतं, त्यांच्या पोराचे बूट वाजत होते. प्रणिताला शब्द येत होता. न येऊन जातो कुठे? शेंबड्या पोरालाही तो येतो. महिनाभर तिनं तो दातांमागे दाबून ठेवला होता, कारण तो सुटला की घरचा शब्द गेला.

"बोल की," नागेश दात न उघडता म्हणाला आणि त्यानं तिच्या पायावर पाय दिला. "एवढ्यासाठी माझ्या आईला कपाटात ठिवली का मी?"

मॅडमनी शिक्का उचलला आणि समोरच्या दोन कागदांपैकी दुसऱ्या, लाल कागदाकडे नेला.

तेवढ्यात जुईनं प्रणिताच्या कानाला तोंड लावलं. "आई, शू लागली."

प्रणितानं डोळे मिटले. ती हाक तिनं पुरी ऐकून घेतली, कानातून खाली उतरेपर्यंत. मग म्हणाली, "मदर."

शिक्का पांढऱ्या कागदावर पडला.

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या, आणि टेबल मागे सरकायला लागलं. सह्या करायच्या होत्या म्हणून नागेश पेन घेऊन टेबलाबरोबर चालत गेला. चालता चालता तो हाताएवढा झाला, मग बोटाएवढा. खोली पुन्हा लांब झाली. दारातून शाळेच्या मावशी आल्या, जुईच्या गळ्यात नंबराची पट्टी घातली आणि म्हणाल्या, "पंधरा जूनपासून आणा. आधी रंग, मग फळं, मग प्राणी."

"आणि घरातली माणसं?" प्रणितानं विचारलं.

"फॅमिली होय? ते फेब्रुवारीत," मावशी म्हणाल्या आणि गेल्या.

जुई मांडीवरून घसरून खाली आली होती. नाही, घसरली नव्हती. प्रणिताची मांडीच तिच्याखालून निघून गेली होती आणि प्रणिता उभी होती. पोरीनं तोंड उघडून हाक मारली. प्रणिताला आवाज आला, तोंडाचा आकार दिसला, पण त्यात तिच्यासाठी काही नव्हतं. गिरणीची घरघर असावी तसा तो आवाज तिच्यावरून निघून गेला. जुईनं तिचा हात धरायला हात पुढे केला. प्रणिताचा हात मागे सरला. तिनं तो पुढे ढकलला, खांद्यापासून सगळं बळ लावून ढकलला, तर तो आणखी वर गेला आणि पोटाशी जाऊन बसला. ही माझी पोर आहे, तिला घ्यायचंय, एवढं तिला लख्ख कळत होतं. आणि ते कळून काडीचा उपयोग नव्हता. अंग मागे मागे जात होतं, एकेक फरशी.

जुईच्या नव्या बुटांखाली ओल पसरली. ती आधी मोठ्यांदा रडली. मग ओरडून पाहिलं, पाय आपटून पाहिले, नंबराची पट्टी ओढून पाहिली. मग गप्प झाली. तिला काहीतरी आठवलं होतं. तिनं नाक मनगटाला पुसलं आणि चेहरा शहाणा केला.

ती प्रणितासमोर आली, त्या ओल्या फरशीवर उकिडवी बसली, नसलेला पदर डोक्यावर सारखा केला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली.

"अहो," ती खालच्या आवाजात म्हणाली, "ऐकलंत का? जरा येता का इकडं?"